वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेतील मानसशास्त्रीय घटक

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेतील मानसशास्त्रीय घटक म्हणजे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा निर्णय, तिची पूर्वतयारी आणि तिचे दीर्घकालीन फलित यांवर परिणाम करणारे रुग्णाचे मनोव्यापार, खाण्याच्या सवयी, मानसिक आजार आणि कौटुंबिक परिस्थिती होय. या शस्त्रक्रियेस वैद्यकशास्त्रात बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. तिच्यामुळे जठराचा आकार किंवा अन्नाचा मार्ग बदलतो आणि भूकही कमी होते. परंतु दुःखात, एकटेपणात किंवा ताणात खाण्याची सवय शस्त्रक्रियेने आपोआप नाहीशी होत नाही. त्यामुळे शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि मानसिक आरोग्यतज्ज्ञ यांनी मिळून रुग्णाची तपासणी व पाठपुरावा करावा, अशी शिफारस केली जाते. गंभीर मानसिक अडचणींपैकी बऱ्याच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत न दिसता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतात. नेमक्या याच काळात रुग्णाचे रुग्णालयात येणे कमी झालेले असते. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

लठ्ठपणाचे मोजमाप सामान्यतः शरीर वस्तुमान निर्देशांकाने (बीएमआय) करतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. १९९१ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने ४० किंवा त्याहून अधिक निर्देशांक असलेल्या व्यक्ती, तसेच ३५ किंवा त्याहून अधिक निर्देशांकासोबत गंभीर सहव्याधी असलेल्या व्यक्ती शस्त्रक्रियेस पात्र मानल्या. आशियाई लोकांमध्ये तुलनेने कमी वजनावरही मधुमेह व हृदयविकार आढळतात. त्यामुळे त्यांच्यासाठी पात्रतेच्या मर्यादा खाली आणण्यात आल्या आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण मर्यादाही शिथिल केली आणि निर्देशांक ३५ असल्यास सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली.

भारतात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी आणि गॅस्ट्रिक बायपास या दोन शस्त्रक्रिया प्रामुख्याने केल्या जातात. पहिलीत जठराचा मोठा भाग काढून टाकून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. दुसरीत जठराचा लहान कप्पा तयार करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे थोड्या अन्नातच पोट भरते. आतड्यांतून स्रवणाऱ्या भूक व तृप्तीच्या संप्रेरकांतही बदल होतात. बहुतेक रुग्णांचे वजन पहिल्या एक ते दोन वर्षांत नीचांकी पातळीला पोहोचते आणि त्यानंतर काही प्रमाणात पुन्हा वाढते. ही वाढ किती होईल यात खाण्याची पद्धत, मनःस्थिती आणि पाठपुराव्यातील सातत्य यांचा मोठा वाटा असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ या गटात मोडतात.

शस्त्रक्रियेपूर्वी आढळणाऱ्या समस्या

शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णांमध्ये मानसिक आजारांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळते. २०१६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे १९ टक्के रुग्णांना नैराश्य आणि सुमारे १७ टक्के रुग्णांना अनावर खाण्याचा विकार असल्याचे दिसले. या विकारात व्यक्ती थोड्या वेळात खूप अन्न खाते. त्या वेळी खाण्यावरचा ताबा सुटल्याची जाणीव तिला होते आणि नंतर अपराधी वाटते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये या वर्तनाचे वर्णन केले. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. रात्री उठून खाणे, सतत थोडेथोडे चरत राहणे आणि भावना शमवण्यासाठी खाणे हे प्रकारही तपासणीत विचारात घेतले जातात.

लठ्ठपणामागे काही वेळा बालपणीचा आघात असतो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९८०च्या दशकात व्हिन्सेंट फेलिट्टी हे वजन कमी करण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. ज्यांचे वजन उत्तम कमी होत होते असेच काही जण कार्यक्रम सोडून जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्या रुग्णांशी बोलल्यावर अनेकांनी बालपणी लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. काहींना आपले वाढलेले शरीर हे इतरांच्या नजरेपासूनचे संरक्षण वाटत होते. या निरीक्षणातूनच पुढे बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील अभ्यास उभा राहिला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा रुग्णाचे वजन वेगाने घटले, तर आनंदाबरोबर असुरक्षिततेची भावनाही निर्माण होऊ शकते.

सामाजिक कलंक हा आणखी एक घटक आहे. लठ्ठ व्यक्तीस आळशी किंवा खादाड समजण्याची प्रवृत्ती घरात, शाळेत, विवाह ठरवताना आणि कधीकधी दवाखान्यातही दिसते. वर्षानुवर्षे अशी हेटाळणी सोसलेली व्यक्ती तीच मते स्वतःविषयी बाळगू लागते. 'सोपा मार्ग निवडला' या शेऱ्याच्या भीतीने अनेक जण शस्त्रक्रिया गुप्त ठेवतात.

मानसशास्त्रीय मूल्यमापन

शस्त्रक्रियेपूर्वीचे मूल्यमापन मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात. ही परीक्षा असून तिच्यात नापास होता येते, असा समज रुग्णांमध्ये आढळतो. त्यामुळे काही जण नैराश्य, मद्यपान किंवा लपूनछपून खाणे सांगत नाहीत. प्रत्यक्षात रुग्णाला नाकारण्यापेक्षा त्याची तयारी करून घेणे हा मूल्यमापनाचा मुख्य हेतू असतो. त्यात सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात.

• वजनाचा व आहार-प्रयत्नांचा इतिहास, तसेच मागील प्रयत्न कोणत्या प्रसंगी सुटले याची माहिती
• खाण्याचे विकार आणि भावनिक खाणे
• सध्याचे व पूर्वीचे मानसिक आजार, आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न, चालू औषधे
• मद्य, तंबाखू व अन्य व्यसने
• शस्त्रक्रियेविषयीचे आकलन आणि तिच्याकडून असलेल्या अपेक्षा
• निर्णय स्वतःचा आहे की कुटुंबाच्या दबावाखाली घेतला आहे
• घरातील आधार, आर्थिक स्थिती आणि पाठपुराव्यासाठी प्रवास करण्याची शक्यता

उपचार न घेतलेला तीव्र मनोविकार, सक्रिय व्यसनाधीनता आणि नजीकच्या काळातील आत्महत्येचा प्रयत्न या स्थितींत शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलली जाते. नैराश्याचे निदान हे स्वतःहून अपात्रतेचे कारण मानले जात नाही. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या विश्लेषणात शस्त्रक्रियेपूर्वीचा मानसिक आजार आणि नंतर घटणारे वजन यांत सुसंगत संबंध आढळला नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर नैराश्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. म्हणून आजार लपवण्यापेक्षा तो आधीच नोंदवून उपचाराखाली आणणे रुग्णाच्या हिताचे असते.

अपेक्षांची चर्चा हा मूल्यमापनाचा महत्त्वाचा भाग आहे. मधुमेह आटोक्यात येणे, गुडघ्यांवरचा भार कमी होणे, झोपेतील श्वसनरोध कमी होणे या वास्तव अपेक्षा होत. लग्न जुळेल, संसारातील कलह मिटेल किंवा नोकरीत मान मिळेल, या अपेक्षा वजनाच्या काट्यावर अवलंबून नसतात. त्या अपुऱ्या राहिल्यास रुग्णास फसवणूक झाल्यासारखे वाटू शकते.

शस्त्रक्रियेनंतरचे मानसिक बदल

सुधारणेचा काळ

पहिले वर्ष बहुधा उत्साहाचे असते. दर महिन्याला वजन घटते, जुने कपडे सैल होतात, औषधांची संख्या कमी होते आणि भोवतालचे लोक कौतुक करतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू असलेल्या दीर्घकालीन अभ्यासात जीवनमानातील सुधारणा पहिल्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक होती. नंतर वजन काहीसे वाढत गेले तशी ती हळूहळू ओसरली आणि पुढे स्थिरावली. तरीही दहा वर्षांनंतरची स्थिती एकंदरीत मूळ स्थितीपेक्षा चांगली राहिली. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा एकूण मृत्युदर तुलनेच्या गटापेक्षा कमी असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.

अन्नाचा आधार सुटणे

ज्या व्यक्तीने ताण, राग किंवा रितेपणा अन्नाने शमवला असेल, तिचा तो उपाय शस्त्रक्रियेमुळे एकाएकी बंद होतो. काही रुग्ण या अनुभवाची तुलना जवळची व्यक्ती गमावण्याशी करतात. पर्यायी उपाय शिकवले गेले नाहीत, तर जुनी सवय नव्या रूपात परतते. एका वेळी जास्त खाता येत नसल्याने दिवसभर थोडेथोडे खाणे सुरू होते. आइस्क्रीम, गोड पेये, शेव-फरसाण असे लवकर खाली उतरणारे परंतु उष्मांकांनी भरलेले पदार्थ खाल्ले जातात. गॅस्ट्रिक बायपासनंतर जास्त गोड खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर व जुलाब होऊ शकतात.

देहप्रतिमा

वजन वेगाने घटल्यावर पोट, दंड व मांड्यांवरची त्वचा लोंबते. आरशात दिसणारे शरीर हवे तसे नसल्याने काही जणांचा असंतोष कायम राहतो. इतर काही जणांना आपण अजूनही तेवढेच स्थूल आहोत असे वाटत राहते. अरुंद दारातून आडवे होऊन जाणे किंवा खुर्चीवर बसण्यापूर्वी ती तपासणे या सवयी बऱ्याच काळ टिकतात.

नातेसंबंध

स्वीडनमधील नोंदींवर आधारित, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींमध्ये विवाह व नव्या नात्यांचे, तर विवाहितांमध्ये घटस्फोट व विभक्त होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. आत्मविश्वास वाढल्याने काही जण जुन्या अन्यायकारक नात्यांतून बाहेर पडतात. काही जोडीदारांना हा बदल असुरक्षित करतो. घटस्फोटाच्या वाढीचा अर्थ केवळ हानी असा लावता येत नाही. परंतु या बदलाची जाणीव जोडप्यास आधीच करून देणे आवश्यक मानले जाते.

मद्यपान

गॅस्ट्रिक बायपासनंतर मद्य रक्तात लवकर मिसळते आणि थोड्या मद्यानेही नशा अधिक चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के होते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. पहिल्या वर्षी मात्र वाढ दिसली नाही.

स्वतःला इजा करण्याचा धोका

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील युटा येथील अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांचे आजारामुळे होणारे मृत्यू लक्षणीय घटले, मात्र अपघात व आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी अधिक होते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, स्वतःला इजा केल्यामुळे तातडीच्या उपचारांसाठी येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. यांपैकी बहुतेक घटना दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी घडल्या, आणि ९० टक्क्यांहून अधिक घटना आधीपासून मानसिक आजाराचे निदान असलेल्या रुग्णांमध्ये घडल्या. असे प्रसंग एकूण रुग्णसंख्येच्या मानाने थोडेच असतात. धोका कोणाला आणि केव्हा अधिक आहे हे यावरून कळत असल्याने तो वेळीच ओळखता येतो.

औषधे, पोषण आणि मन

अन्नमार्ग बदलल्यामुळे काही औषधांचे शोषण बदलते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या पूर्वीसारख्या लागू पडतीलच असे नाही, त्यामुळे नियंत्रणात असलेले नैराश्य परत येऊ शकते. लिथियम घेणाऱ्या रुग्णात निर्जलीकरणामुळे त्याची रक्तातील पातळी विषारी मर्यादेपर्यंत जाऊ शकते, म्हणून वारंवार तपासणी लागते. मानसिक आजाराची औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते.

मनःस्थितीतील प्रत्येक बदल मानसिक कारणानेच होतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे थकवा, विस्मरण व उदासीनता येते. लोहाची कमतरताही थकव्यास कारणीभूत होते. सतत उलट्या होत असलेला रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा त्याला दुहेरी दिसू लागले, तर ब-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची शंका घेऊन तातडीने उपचार करावे लागतात. विलंब झाल्यास मेंदूस कायमची इजा होऊ शकते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया मुख्यतः मुंबई, पुणे व अन्य मोठ्या शहरांत विकसित झाली. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती करून घेतली आणि त्याविषयी जाहीरपणे सांगितले. अशा उल्लेखांमुळे शस्त्रक्रियेविषयीचा संकोच काही अंशी कमी होण्यास मदत झाली.

मुंबईतील सर्वाधिक चर्चित प्रसंग इजिप्तमधील इमान अहमद यांचा होय. सुमारे ५०० किलो वजन असल्याचे सांगितल्या गेलेल्या इमान यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये अलेक्झांड्रियाहून मालवाहू विमानाने मुंबईस आणण्यात आले. सैफी रुग्णालयात डॉ. मुफझल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्च रोजी त्यांच्यावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी केली. त्यांचे वजन मोठ्या प्रमाणात घटल्याचे रुग्णालयाने जाहीर केले. तथापि, पूर्वी पक्षाघात झालेल्या इमान यांच्या प्रकृतीतील सुधारणेविषयी त्यांच्या बहिणीने जाहीर असमाधान व्यक्त केले आणि रुग्णालयाने तिचे आक्षेप फेटाळले. मे महिन्यात इमान यांना अबू धाबी येथे हलवण्यात आले. तेथे २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. कुटुंबाची अपेक्षा, वैद्यकीयदृष्ट्या शक्य असलेला बदल आणि प्रसिद्धीचा दबाव यांत किती अंतर पडू शकते, हे या प्रसंगात दिसले.

निमशहरी भागातील परिस्थिती

मराठवाड्यात शस्त्रक्रियेचे ठिकाण आणि रुग्णाचे घर यांतील अंतर हा महत्त्वाचा मुद्दा ठरतो. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर हे केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव नांदेड शहरापासून जवळ आहे, परंतु पुणे व मुंबई तेथून शेकडो किलोमीटरवर आहेत. अशा गावातून मोठ्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णास पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीसाठी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी किंवा रजा यांचा खर्च सोसावा लागतो. वजन घटत असताना आणि काही दुखत नसताना या भेटी अनावश्यक वाटू लागतात. परिणामी दुसऱ्या वर्षी, धोका वाढण्याच्या काळात, रुग्ण तज्ज्ञांच्या नजरेबाहेर गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियेची कागदपत्रे व औषधांची यादी स्थानिक डॉक्टरांकडे देणे, रक्ततपासण्या जवळच्या शहरात करणे आणि मानसिक उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी घेणे शक्य असते. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारेही सेवा दिली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास संपर्क साधता येतो.

आहारसंस्कृती आणि कुटुंब

मराठी घरांत पाहुण्यास आग्रह करून वाढणे हा आदरातिथ्याचा भाग मानला जातो आणि पान टाकणे अपमानकारक समजले जाते. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस पंगतीत चतकोर भाकरी आणि दोन घास वरणावर थांबावे लागते. त्यामुळे आजारपणाची चौकशी, चेष्टा किंवा 'एवढ्याने काय होते' असा आग्रह यांना तोंड द्यावे लागते. आग्रहाला बळी पडून घाईने खाल्ल्यास उलटी होते, आणि पुढे अशी व्यक्ती लग्नकार्ये व सणसमारंभ टाळू लागते. नकार कसा द्यावा याचा सराव समुपदेशनात करून घेतला जातो.

उपवासांचा प्रश्नही वेगळा आहे. एकादशी, श्रावण, नवरात्र किंवा रमजानचे रोजे हे अनेकांच्या श्रद्धेचे विषय आहेत. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत निर्जळी उपवासाने निर्जलीकरण होऊ शकते. साबुदाणा-बटाट्याच्या फराळातून प्रथिने फारशी मिळत नाहीत. उपवासाचा निर्णय डॉक्टरांशी चर्चा करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

स्त्रियांच्या बाबतीत विवाह व मातृत्वाचा दबाव लक्षात घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, अशी शिफारस आहे, कारण या काळात वजन वेगाने घटत असते आणि पोषकद्रव्यांची कमतरता संभवते. वजन घटल्यामुळे प्रजननक्षमता वाढू शकते, त्यामुळे अनपेक्षित गर्भधारणेची शक्यताही असते. लग्न जुळावे म्हणून शस्त्रक्रिया केली आणि सासरी ती लपवली गेली, तर रोजच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वेगळा आहार आणि गर्भधारणा लांबवण्याचे कारण सांगणे अवघड होते. घरातील किमान एका व्यक्तीला सर्व माहिती असणे, हा आधाराचा सर्वांत साधा प्रकार मानला जातो.

विमा आणि कायदा

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील वगळण्यांची भाषा प्रमाणित केली. तिच्यानुसार, लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च वगळताना डॉक्टरांचा सल्ला, किमान १८ वर्षे वय, ठरावीक निर्देशांक व सहव्याधी आणि अन्य उपायांचे अपयश या अटी पूर्ण करणारे रुग्ण अपवाद ठरतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांवरील उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याने रुग्णाच्या मानसिक आजारासंबंधीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही दिला आहे.

पाठपुरावा व उपचार

शस्त्रक्रियेनंतरच्या मानसिक अडचणींवर बोधात्मक वर्तन उपचार, समुपदेशन, आधारगट आणि आवश्यकतेनुसार औषधे यांचा उपयोग केला जातो. खाण्याची नोंदवही ठेवणे, भूक आणि भावना यांतील फरक ओळखणे, सावकाश चावून खाणे आणि ताण हाताळण्याचे अन्य मार्ग शोधणे ही कौशल्ये शिकवली जातात. वजन पुन्हा वाढलेले रुग्ण लाजेपोटी डॉक्टरांकडे जाणे टाळतात. वजनवाढ ही दीर्घकालीन आजाराच्या वाटचालीतील अपेक्षित शक्यता आहे, असे त्यांना सुरुवातीपासून सांगितल्यास परत येणे सोपे जाते. सतत उदास वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न राहणे, मद्यपान वाढणे, लपून खाणे, मुद्दाम उलट्या काढणे किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे ही लक्षणे शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झाली असली तरी तातडीने तज्ज्ञांस दाखवावीत.

हेही पहा

• लठ्ठपणा
• मधुमेह
• नैराश्य
• शरीर वस्तुमान निर्देशांक
• समुपदेशन